दहावी खजुरी

ज्या वर्षी बिशायची थोरली मुलगी मरियम लग्न होऊन नाईलच्या पलीकडच्या काठाला नांदायला गेली, त्याच वर्षी बिशायच्या नावावर पहिल्यांदा जमीन आली. जमीन म्हणजे काय, कालव्याच्या कडेची एक पट्टी. इकडून खोकलं तर पलीकडच्या बांधावरचा माणूस मान वळवून बघेल एवढीच रुंद. पण जन्मभर दुसऱ्याच्या उसात राबलेल्या माणसाला तेवढी पट्टी म्हणजे राज्यच. सकाळी उठला की तो आधी तिच्याकडे नुसता बघून यायचा आणि मग चहा प्यायचा.

तिथं काय लावायचं ते मात्र त्याच्या मेव्हण्यानं ठरवलं. अरमान्यूस हा बिशायच्या बायकोचा, तफीदाचा, थोरला भाऊ. गावात खजुरीची सगळ्यात मोठी बाग त्याची आणि आवाजही सगळ्यात मोठा त्याचाच. भाचीच्या लग्नात चारचौघांत उभा राहून तो म्हणाला, "दाजी, माझ्याकडून आहेर म्हणून दहा फुटवे. माझ्या बागेतल्या जातिवंत मादीच्या बुंध्याचे. लावा आणि नातवंडांना खजूर चारा."

आठवड्यानं गाढवावर लादून फुटवे आले, ते नऊ.

"दहावा कुठाय, दादा?" तफीदानं विचारलं.

"वाटेत जीव सोडला गं त्यानं."

"लहानपणी माझ्या वाटणीचा ऊससुद्धा वाटेतच जीव सोडायचा," तफीदा म्हणाली आणि तिनं त्याच्यापुढं चहा ठेवला.

बिशायनं खड्डे दहा खणले होते. नऊ भरले, एक रिकामा राहिला. तफीदाच्या ओढणीच्या टोकाला खजुराची एक बी बांधलेली होती. मठाच्या यात्रेत एका म्हाताऱ्या साधूनं तिच्या ओंजळीत खजूर घातले होते, त्यातल्या शेवटच्या खजुराची. तिनं गाठ सोडली आणि बी त्या खड्ड्यात पुरली.

आता आमच्याकडे खजूर बी लावून कुणी वाढवत नाही. फुटवा आईवर जातो, आई गोड तर तोही गोड. बीचं तसं नसतं. त्यातून काय उगवेल ते देवालाच ठाऊक. मादी निघेल, नर निघेल, मादी निघाली तरी फळाला चव असेल की नुसता चोथा, सांगता येत नाही. बी लावणं म्हणजे तोंड न बघता सून पत्करणं. शेजारचे हाजी रिदवान बांधावरून बघत होते. ते म्हणाले, "वहिनी, खड्डा बुजवायचाच होता तर माती काय कमी पडली?"

बिशायच्या घरात दशांश काही नवा नव्हता. मजुरीचे गहू आले की दहावं माप चर्चचं, तफीदाच्या कोंबड्यांचं दहावं अंडं चर्चच्या मडक्यात. ते कुणी ठरवून करत नव्हतं. हात धुऊन जेवायला बसावं तसं ते होऊन जायचं. जमीन आल्यावर पहिल्याच रविवारी बिशायनं अबूना बिसेन्तींना, म्हणजे आमच्या पाद्रीबाबांना, सांगितलं, "अबूना, दहा खजुरी लावल्यात. दहावी प्रभूची."

"कुठून मोजायची?" अबूनांनी विचारलं.

"पाण्याच्या तोंडापासून."

पाण्याच्या तोंडापासून, म्हणजे कालव्याचं पाणी शेतात शिरतं तिथून, मोजायची ही सगळ्या गावाची रीत होती, त्यात बिशायची काही लबाडी नव्हती. पण तशी मोजली की दहावी ती बीची येत होती, हे बोलताना त्याच्या ध्यानात होतं. आणि ध्यानात आल्यावर त्याला मनातल्या मनात जरा बरं वाटलं होतं, हेही खरं.

मरियमला तिसरं मूल झालं तोवर नऊच्या नऊ खजुरींना घड लागून गेले होते. चौथी तर अशी फळली की एकटीच्या जिवावर घरातल्या सगळ्यांचे हिवाळ्याचे कपडे होत. दहावी मात्र अंगानं सगळ्यांत दांडगी, रंगानं हिरवीगार, आणि फळाच्या नावानं आवळासुद्धा नाही. त्या वसंतात तिनं पहिल्यांदा पोय, म्हणजे फुलांचा बंद कोष, काढली. आखूड, जाड, फुगलेली. बिशायनं विळ्यानं ती चिरली, तर आत पांढरी फुलं दाटीवाटीनं बसलेली, आणि हाताला पिठासारखी भुकटी लागली. ती भुकटी त्यानं अंगरख्याला पुसली. झाड नर होतं.

गावात गोष्ट लपते थोडीच. रविवारी चर्चमधून बाहेर पडताना अरमान्यूसनं दारातच गाठलं.

"दाजी, ऐकलं ते खरं का? नऊ बायका स्वतःला ठेवल्या आणि बाप्या तेवढा देवाला दिला?"

लोक हसले. बिशायही हसला.

"हिशेबाला पक्के निघालात," अरमान्यूस पुढं म्हणाला. "बी मठाची, पाणी कालव्याचं, आणि फळ बघाल तर नाहीच. असा स्वस्त दशांश आम्हाला नाही बुवा सुचला."

घरी येताना मात्र बिशायला हसू आलं नाही. परका बोलला असता तर त्यानं कानाआड केलं असतं. पण ज्या जागी बोट लागलं, ती जागा आधीपासूनच दुखरी होती. खरंच आपण देवाला फुकटातलं दिलं का? पुढचे दोन रविवार तो प्रभुभोजनाला पुढं गेलाच नाही, मागच्या खांबाशी बसून राहिला.

"पाय दुखतात का?" तफीदानं विचारलं.

"नाही."

"मग मन दुखतंय. दादाचं बोलणं मनावर घेताय? त्याच्या तोंडाला दार बसवायचं आईच्या राहून गेलं."

"तो खोटं बोलला नाही, मरियमची आई. मला ठाऊक होतं दहावी कुठली ते."

तफीदा शिळ्या भाकरीचे तुकडे मसुरीच्या आमटीत मोडत होती, ती थांबली. "तुम्ही म्हणालात दहावी, दहावी दिलीत. देवानं काय डोळे मिटून घेतली असेल?"

"मी डोळे उघडे ठेवून दिली," बिशाय म्हणाला. "चौथी देतो. ही परत घेतो नि ती देतो."

चौथीवर घराची सगळी भिस्त होती. धाकट्या मुलीचं लग्न अजून व्हायचं होतं. पण तफीदा नको म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी बिशाय गेला तेव्हा अबूना अंगणात गाढवाच्या खोगिराला टाके घालत बसले होते. ते स्वतः शेतकऱ्याचे पोर. सुई तोंडात धरून त्यांनी सगळं ऐकून घेतलं, मग सुई काढून म्हणाले, "बदलता येत नाही."

"चांगली देतोय, अबूना. त्या नराच्या बदल्यात माझी सगळ्यात चांगली."

"कळलं. मोशेच्या नियमात आहे ते. कळप मोजताना काठीखालून जे दहावं जनावर गेलं ते देवाचं. ते बरं की वाईट, ते बघत बसायचं नाही. अदलाबदल करायची नाही. आणि कुणी केलीच, तर आधीचंही देवाचं आणि नंतरचंही देवाचं. म्हणून म्हणतो, गुमान घरी जा."

गाढवानं दोनदा शेपटी झाडली.

"मग दोन्ही घ्या," तो म्हणाला.

अबूनांनी त्याच्याकडे बघितलं. "तफीदाला विचारलंस?"

"दोन्हीचं नाही विचारलं."

"विचारून ये. देव थांबेल. तफीदा थांबणार नाही."

बिशायनं घरी येऊन सांगितलं तेव्हा तफीदा पिठाच्या गोळ्यांच्या भाकऱ्या थापून उन्हात फुगायला ठेवत होती. तिनं ऐकलं आणि ती हसायला लागली. हसता हसता भिंतीला टेकली, ओढणी खांद्यावर आली तरी तिला भान नाही.

"एक सोडवायला गेले आणि दोन घालवून आले," ती म्हणाली. "तुम्हाला बाजारात पाठवत नाही ते उगीच का?"

"रागावलीस?"

"रागावून काय करू? नऊ होत्या तेव्हाही हिवाळा सरताना रांजणाचा तळ दिसायचाच. आठात काय वेगळं दिसणार आहे? द्या. आणि या रविवारी त्या खांबामागं लपू नका, खांबाची लाज वाटते मला."

त्या रविवारी बिशाय पुढं गेला. परत येताना रस्ताभर तो पोरांच्या खोड्या काढत होता, हाजी रिदवानांच्या म्हशीलासुद्धा त्यानं सलाम केला.

पुढच्या वर्षी ईस्टरआधीच्या मोठ्या उपासाच्या दिवसांत वाळवंटाकडून वारा सुटला. असा वारा म्हाताऱ्यांनीही बघितला नव्हता. अरमान्यूसच्या बागेत एकच जुना नर राहिला होता. बाकीचे त्यानं फुकटचं पाणी पितात म्हणून तोडून टाकले होते, आणि गावातल्या इतरांनी त्याचंच बघून आपापले तोडले होते. दर वसंतात सगळं गाव अरमान्यूसकडून परागाच्या काड्या, म्हणजे नराच्या फुलांचे तुरे, विकत न्यायचं आणि झाडांवर चढून माद्यांच्या फुलांत खोवायचं. त्या वाऱ्यात तो जुना नर बुंध्यातून मोडला. आतून पोखरलेला होता, आणि पोया अजून कोवळ्याच होत्या, त्यांत भुकटी धरलेली नव्हती. इकडे गावभर माद्यांच्या पोया उमलल्या. उमललेली मादी काही महिनाभर वाट बघत नाही. थोड्या दिवसांत नराची भुकटी पडली तर फळ, नाही तर वर्ष गेलं. शेजारच्या गावांत माणसं पाठवली. तिथल्यांना त्यांचंच पुरत नव्हतं.

बिशायच्या पट्टीवर मात्र दहावीच्या पोया फुगून, तपकिरी होऊन, तडकायला आल्या होत्या.

पहिले आले हाजी रिदवान. "बिशाय, तुझ्या नराच्या दोन काड्या दे. किंमत तू सांगशील ती."

"माझा कुठला, हाजी? तो चर्चचा. अबूनांना विचारा."

अबूनांकडे मग रांगच लागली. अबूना म्हणाले, "देवाचं आहे, ते विकायचं नसतं. वाटायचं. नमाजी असो नाहीतर आपला, मागेल त्याला द्या."

बिशायनं शिडी लावली आणि एकेक पोय कापून खाली दिली. तफीदा चटईवर बसली. पुरवायचं होतं सगळ्या गावाला, म्हणून काही काड्या ती तशाच द्यायची, आणि काहींची भुकटी झाडून त्यात बारीक चाळलेलं पीठ मिसळून फडक्यात पुरचुंडी बांधायची. तिच्या भुवया पांढऱ्या झाल्या होत्या. बायका म्हणत होत्या, "मावशी, आज नवरीसारखी मेंदी लावायची राहिली तेवढी." सबंध दिवस कालव्याकाठी जत्रा भरल्यासारखं झालं होतं.

दुपार कलल्यावर अरमान्यूस आला. तो सरळ शिडीपाशी जायला लागला.

"दादा," तफीदा मान वर न करता म्हणाली, "रांग तिकडून आहे."

अरमान्यूस जाऊन रांगेत उभा राहिला. त्याच्या पुढं हाजींचा गडी होता. तो मोठ्या अदबीनं म्हणाला, "मालक, तुम्ही व्हा की पुढं." अरमान्यूस म्हणाला, "राहू दे, राहू दे. देवाच्या दारात मोठा कोण?" हे ऐकून शिडीवरचा बिशाय इतका हसला की पोयीवरची भुकटी उडून त्याच्याच नाकात गेली.

अरमान्यूसची पाळी आली तेव्हा बिशाय खाली उतरला. सगळ्यात भरलेली पोय त्यानं त्याच्या हातात दिली.

"दाजी," अरमान्यूस म्हणाला. एवढ्या मोठ्या आवाजाचा माणूस, पण आज हळूच बोलला.

"तुमच्या बागेत चढायला माणूस आहे का?" बिशायनं विचारलं.

"सगळे आपापल्या झाडांवर आहेत."

"मग उद्या मी येतो."

आणि तो गेला. उपाशी पोटी, कमरेला दोर बांधून, त्या वयात, मेव्हण्याच्या उंच खजुरींवर तो दिवसभर चढत-उतरत राहिला. अरमान्यूस खाली उभा राहून त्याला पाणी देऊ का म्हणून विचारत होता, आणि उपास आहे हे आठवून पुन्हा पुन्हा स्वतःलाच शिव्या देत होता.

त्या वर्षी गावात खजूर असा आला की टोपल्या कमी पडल्या. कुणी मागितलं नव्हतं, कुणी सांगितलंही नव्हतं, पण लोक आपणहून चर्चच्या अंगणात टोपली आणून ठेवायला लागले. हाजी रिदवानांची टोपली सगळ्यात मोठी. ती उतरवताना ते अबूनांना म्हणाले, "यंदा गावातल्या सगळ्या खजुरांचा बाप एकच, आणि तो तुमच्या देवळातला. आता नातं लागलं आपलं." अबूनांनी विधवांच्या घरी, आजाऱ्यांच्या घरी, आणि पलीकडच्या वस्तीतल्या मजुरांकडे, ज्यांचा त्यांचा देव न विचारता, खजूर पोचवले.

आणि चौथी? बिशायनं निवडून, छाती फुगवून दिलेली चौथी त्या वर्षी रुसली. दोन मरतुकडे घड, तेही चोथट. बिशाय फार खजील झाला. तो अबूनांकडे जाऊन म्हणाला, "मी चांगली म्हणून दिली होती हो." अबूना म्हणाले, "तिनं दम खाल्ला असेल. सगळं काही तुझ्याच हातानं चांगलं व्हायला पाहिजे का?"

संध्याकाळी बिशाय आणि तफीदा कालव्याच्या कडेला पाय सोडून खजूर खात बसले होते. बिशायनं ते बोलणं तिला सांगितलं. तफीदानं बी थुंकली आणि म्हणाली, "माझीही तीच तक्रार आहे तुमच्याबद्दल, इतकी वर्षं." मग दोघंही हसली, आणि अंधार पडेपर्यंत तिथंच बसली.

अरमान्यूस चार वर्षांनी उन्हाळ्यात वारला. तफीदा मरियमच्या थोरल्या मुलाच्या लग्नाच्या वर्षी, नाताळाच्या आदल्या आठवड्यात गेली. बिशाय त्यानंतरच्या मोठ्या उपासात, पाम संडेच्या, चर्चमध्ये खजुरीच्या झावळ्या मिरवतात त्या रविवारच्या, सकाळी वारला.