पिन्यातेचा दोर

१९९१ सालच्या डिसेंबरात आमचं घर फक्त संध्याकाळी वाकायचं.

मेक्सिको शहरात घरं खचण्याचं कुणाला नवल नाही. बुजवलेल्या तळ्याच्या चिखलावर सगळा संसार. टेबलावर ठेवलेलं लिंबू आपणहून चुलीकडे निघालं, की आम्ही त्याला वाटेतच पकडायचो. पण त्या वर्षी गल्लीखाली भुयारी रेल्वेचं खोदकाम निघालं आणि पालिकेने आमच्या घराला, सगळी बिऱ्हाडं धरून, यंत्रं लावली. जिन्यात ओळंबा, भेगांवर काचेच्या पट्ट्या, पायाशी पाण्याची नळी, अंगणात खुंट. आणि माडीच्या भिंतीवर, भिंतीत घट्ट ठोकलेल्या नव्याकोऱ्या लोखंडी कंसात, एक करडा डबा. भिंत किती कलली ते तो डबा तारेवाटे खाली कळवायचा आणि तिथे कागदावर रेघ उमटायची.

नाताळच्या आधी पोसादा सुरू झाल्या, म्हणजे रोज संध्याकाळी गाणी, फळांचं गरम पेय पोंचे आणि मुलांसाठी दोराला टांगून काठीने फोडायची खाऊभरली पिन्याता. त्याच दिवसांत रेघ लाल खुणेपार गेली. सकाळी पुन्हा जागेवर, संध्याकाळी पुन्हा पार. इंजिनिअर अन्सेल्मो किरोस मान खाली घालून म्हणाले की नियम तो नियम, नाताळच्या आत घर रिकामं करावं लागेल.

माडीवरच्या कूकामावशीने पदर खोचावा तसा एप्रन आवळला. ती त्या खोलीत नवरी म्हणून आली होती. आता तिला तोलुकाला मुलाकडे पाठवणार होते.

"तोलुकात दोनच गोष्टी थंड," ती म्हणाली, "हवा आणि माझी सून."

घरमालक वेन्सेस्लाओला मात्र आनंद लपवता येईना. त्याला तिथे गाड्या उभ्या करायला मोकळी जागा हवी होती. खुशीत त्याने सगळ्यांना मक्याच्या पिठाचे वाफवलेले तमाले वाटले.

अन्सेल्मोंना चैन नव्हतं. ओळंबा गप्प, काचा शाबूत, नळीतलं पाणी जागच्या जागी, खुंट हललेले नाहीत. एवढे साक्षीदार मुके आणि एकटा डबाच कसा बोंबलतो? म्हणून त्या संध्याकाळी ते आपली मदतनीस नोएमी हिला घेऊन आले आणि तिला कागदासमोर बसवलं.

कूकामावशीने त्यांच्या हातात पोंचेचा पेला दिला, मग लगेच डोळ्यांवर रुमाल बांधला आणि काठी दिली. निरोपाची पोसादा आहे, पहिला मान पाहुण्याचा, असं तिचं म्हणणं. दोर ओढून पिन्याता खालीवर नाचवण्याचा मान घरमालकाचा. वेन्सेस्लाओ गच्चीवर चढला. माणूस भरभक्कम, अंगात उत्साह त्याहून जास्त. त्याने दोराला हिसका दिला, पिन्याता वर उडाली, अन्सेल्मोंची काठी हवेत फिरली, मुलं खिदळली.

"साहेब, रेघ उडाली," नोएमी म्हणाली.

अन्सेल्मोंनी रुमाल वर सारला. दोर नजरेने धरत पलीकडच्या टोकापर्यंत गेले. ते टोक करड्या डब्याच्या कंसाला बांधलेलं होतं.

"हे इथे कुणी बांधलं?"

"मी," कूकामावशी म्हणाली. "पहिल्याच पोसादेला जुना आकडा भिंतीतून निखळला. अख्ख्या घरात घट्ट असं तेवढंच आहे."

अन्सेल्मो वर बघून म्हणाले, "मालक, ओढा पुन्हा. जोरात."

वेन्सेस्लाओला वाटलं कौतुक चाललंय. त्याने अंगचा सगळा भार टाकला. रेघ लाल खुणेपार गेली. मग अन्सेल्मोंनी दोर कंसावरून सोडून अंगणातल्या लिंबाच्या झाडाला बांधला आणि मालकाला पुन्हा ओढायला लावलं. रेघ सरळ. घरमालक घामाघूम होऊन खाली उतरला तेव्हा घर रिकामं करण्याचा हुकूम रद्द झाला होता. कूकामावशीने त्याला पोंचेचा काठोकाठ पेला दिला. "दमलात हो, मालक," एवढंच म्हणाली.

कूकामावशी पुढे बरीच वर्षं जगली आणि त्याच खोलीत गेली, एका पायाखाली वीट सरकवलेल्या पलंगावर. सून तोलुकाहून आली आणि सगळ्यांत जास्त तीच रडली. वेन्सेस्लाओ दर डिसेंबरात दोर ओढायला यायचा, गुडघे धरेपर्यंत. त्याच्या मुलांनी बिऱ्हाडं आम्हालाच विकली. अन्सेल्मो निवृत्त होऊन वेराक्रूसला राहिले. नोएमी त्यांच्या जागेवर बसली, आणि म्हणतात, कुठलंही एक यंत्र ओरडू लागलं की ती आधी विचारते, त्याला काय बांधलंय.

रेल्वे धावते. घर अजून खचतंय. पूर्वी रस्त्यावरून दोन पायऱ्या चढून आत यायचो, आता एक उतरतो. लिंबू अजून चुलीकडेच जातं. हल्ली मी त्याला अडवत नाही, तिथेच जाऊन चिरते.