सुटलेलं नाव

दोनशे सत्तेचाळिसाव्या नावाशी निवेदक अडला. समोरच्या कागदावर ते नाव इतर नावांसारखंच साध्या टाइपात होतं. तो घोटभर पाणी प्यायला, चष्मा पुसला, हेडफोन सारखा केला, तरी तोंडातून शब्द फुटेना.

काम तसं सोपं होतं. एका मोठ्या रुग्णालयात रांगेतल्या माणसांना यंत्र हाक मारणार होतं आणि त्यासाठी चारशे नावं एका आवाजात, एका सुरात हवी होती. हा त्याच्या डाव्या हाताचा मळ. तेहतीस वर्षं त्याने रेडिओवर संध्याकाळच्या बातम्या वाचल्या, निवृत्तीनंतर टूथपेस्टपासून सिमेंटपर्यंत सगळ्यांची भलामण केली, आणि आता कितीतरी लिफ्टमध्ये मजलाही तोच सांगायचा. थोरली बहीण त्यावरून टोमणा मारायची, की बँकेत फोन केला तर तूच थांबा म्हणतोस, माझ्याकडे आलास की मात्र तुझा पाय ठरत नाही.

पाय न ठरायला कारण होतं. कागदावरचं ते नाव हुबेहूब तिच्या दिवंगत नवऱ्याचं होतं.

"सर, हे नंतर घेऊ का?" काचेपलीकडच्या रेकॉर्डिस्ट मुलीने विचारलं.

"नको. सोडायचं नाही."

त्याने ते सात वेळा वाचलं. उरलेली नावं भराभर उरकली आणि घरी न जाता बहिणीकडची बस धरली.

बावीस वर्षांपूर्वी खाडीपलीकडच्या कारखान्यातली माणसं घेऊन येणारी लाँच बुडाली होती. वाचलेले कुठल्या कुठल्या दवाखान्यांत पोहोचले होते, कुणाचा पत्ता नव्हता, आणि घरोघरी लोक रेडिओला कान लावून बसले होते. मृतांची यादी त्याच्या हातात पडली तेव्हा बातम्यांना तीन मिनिटं होती. दोन नावांत सारखं अंतर ठेवायचं, कुठल्याही नावावर रेंगाळायचं नाही, हे तो नवख्यांना शिकवत असे. त्या संध्याकाळी त्याने भावोजींचं नाव गाळलं. बहिणीला हे रेडिओवरून कळू नये, ड्यूटी संपली की आपण स्वतः जाऊन सांगावं, एवढाच त्याचा विचार होता. तो गेलाही. बंद दाराआड ताटं मांडली जात होती, भाची कशाला तरी खिदळली, आणि त्याने दार वाजवलंच नाही. तो आल्या पावली परतला.

सकाळी दुसऱ्या निवेदकाने पूर्ण यादी वाचली. याने बहिणीला सांगितलं, की माझ्या कागदावर नाव नव्हतंच. पुढे नातेवाईक काहीबाही बोलले तेव्हा तीच त्याची बाजू घेऊन भांडली. ते त्याला आजवर आतून पोखरत आलं होतं.

बहीण खोक्यांच्या पसाऱ्यात बसून मटार सोलत होती. परवा ती कायमची लेकीकडे परदेशी निघाली होती. आज नाही तर कधीच नाही, हे ओळखून त्याने बसल्या बसल्याच सांगून टाकलं.

"ताई, भावोजींचं नाव माझ्या कागदावर होतं. मी वाचलं नाही."

तिचे हात चालूच राहिले.

"माहीत आहे मला. आधी तू म्हणालास, एकेचाळीस गेले. मग नावं वाचलीस चाळीस. मी बोटांवर मोजत होते. आणि तू कुणाचं नाव सोडशील, हे मला नाही कळणार?"

सासूबाई आणि लेक त्या रात्री पोटभर जेवल्या, निवांत झोपल्या, तेवढं तुझ्यामुळे मिळालं, असंही ती म्हणाली. त्याला एकदम हलकं वाटलं. डोळे भरून आले. त्याने सोलायला एक शेंग उचलली.

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

"मी मोजली तशी भिंतीपलीकडच्या वहिनींनीही मोजली होती. त्यांचा मुलगाही त्याच लाँचवर. एक नाव राहिलंय, एक नाव राहिलंय, असं त्या सारखं म्हणत होत्या. मला सगळं ऐकू येत होतं. उठून जायचं आणि सांगायचं, की राहिलेलं नाव आमचं आहे. एवढंच करायचं होतं रे. पण बोलले असते तर ते खरं झालं असतं. मी नाही गेले."

तो शेंग तशीच धरून होता.

"पहाटे त्यांचं हृदय बंद पडलं. मुलगा दहा वाजता दवाखान्यातून चालत घरी आला. त्याला यातलं काही माहीत नाही."

दारावर टकटक झाली. भिंतीपलीकडचा शेजारी खोकी बांधायला सुतळीचा गुंडा घेऊन आला होता. चाळिशी ओलांडलेला, हसऱ्या तोंडाचा माणूस.

"काका, आज बरे सापडलात," तो म्हणाला. "आमच्या आईला तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणाच्या बातम्या खऱ्याच वाटायच्या नाहीत."

बहिणीने मान वर केली नाही. शेजाऱ्याने खोक्याभोवती दोन वेढे घेतले आणि सुतळीचं एक टोक निवेदकाच्या हातात दिलं.

"घट्ट धरा हं," तो म्हणाला आणि ओढू लागला.