अख्खा तक्ता

वर्ध्यात छायाचं सायबर कॅफे होतं, आणि कोपऱ्यात लिनक्सचं एक जुनं मशीन. दुकानातून बाहेर जाणारा प्रत्येक शब्द त्यातूनच जायचा. कोणाला सोडायचं, कोणाला अडवायचं हे त्याच्या पोटातलं कर्नेल, म्हणजे लिनक्सचा गाभा, ठरवायचं. नियमच नसेल तर ते कोणालाच सोडत नसे. नियम बदलायची छायाची पद्धत मात्र अंगणातली होती. आधी झाडून सगळं पुसायचं, मगच नवी रांगोळी. पुसल्यापासून शेवटची ओळ घालेपर्यंत दुकान मुकं. या स्वच्छतेपायी गेल्या रविवारी हिंगणीच्या मंदाबाईंचं अमेरिकेतल्या लेकीशी चाललेलं बोलणं अर्ध्यातच तुटलं होतं.

आज त्या पुन्हा आल्या होत्या, कानाला हेडफोन लावून. लेकीचं, अंजूचं, ऑपरेशन होतं. आत नेण्याआधी आईचा आवाज ऐकायचा म्हणून तिने खाटेजवळ लॅपटॉप मागून घेतला होता.

तेवढ्यात दुकानाला इंटरनेट पुरवणाऱ्या केबलवाल्या मोतीलालचा फोन आला. "ताई, तुमच्या दुकानातून व्हायरस बाहेर जाऊन राह्यला. आत्ताच अडवा, नाईतर मले लाइन काढा लागते."

काही केलं नाही तर मोतीलाल लाइन तोडणार, आणि नेहमीसारखं पुसायला घेतलं तर छाया स्वतःच हे बोलणं तोडणार. मंदाबाईंना आवरतं घ्या म्हणायला तिची जीभ रेटेना.

दुसरी एक रीत तिने वाचली होती, करून पाहिली नव्हती. नियम फाइलमध्ये लिहायचे, पण कर्नेल काही फाइल वाचत बसत नाही. आयपीटेबल्स नावाचं साधन मध्ये निरोप्याचं काम करतं. सगळे नियम ते कर्नेलला कळतील अशा एका गठ्ठ्यात बांधतं, नियमांचा अख्खा तक्ता त्याच्या हवाली करतं आणि निघून जातं. कर्नेल जुना काढून नवा एका दमात बसवतं.

तिने जुने नियम लिहिले, त्यात व्हायरसची वाट अडवणारी ओळ घातली आणि बटण दाबलं. पडद्यावर चूक आली. घाईत एक ओळ बिघडली होती.

झालं, गेलं सगळं, असं वाटून तिने मान वळवली.

"अन् दवाई वेळेवर घेजो," मंदाबाई सांगत होत्या.

बोलणं चालूच होतं! एक ओळ चुकली म्हणून आयपीटेबल्सने अख्खा गठ्ठाच पुढे नेला नव्हता; आत जुने नियम जसेच्या तसे उभे होते. अर्धवट असं काही त्या दारातून आत जातच नव्हतं. इतकी वर्षं आपण या शहाण्या जिवाला झाडूने हाकत होतो, असं छायाला वाटलं.

तिने ओळ दुरुस्त केली, पुन्हा दाबलं. पडद्यावर एक अक्षर उमटलं नाही, म्हणजे या वेळी चूक नव्हती.

फोन वाजला. "थांबलं, ताई. मशीनच बंद केली काय?"

"नाई. सगळं चालू आहे."

तिने मंदाबाईंकडे पाहिलं. त्यांच्या दोन शब्दांच्या मध्ये कुठेतरी सगळा तक्ता बदलून गेला होता आणि आवाज अडखळलासुद्धा नव्हता.

"आल्या काय त्या न्यायला? जा माय. भेऊ नको, मी हावो इथंच."

पलीकडून अंजूने निरोप घेतला. मग मंदाबाईंनी स्वतःच्या हाताने हेडफोन काढला आणि डोळे पुसले.

"आज पुरं बोलनं झालं," त्या म्हणाल्या. "आज मशीनले हात नाई लावला वाटते तूनं."