खिळ्याची जागा

डोमाजी अकोल्यात एका आरा मशीनवर तान्ह्या पोळ्याचे नंदी कापायचा. मोठ्या पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोरं जे लाकडी बैल घरोघर मिरवतात, ते. मशीन मालकाचं, हात डोमाजीचे आणि गिऱ्हाईक एकच, अमरावतीचा खेळणीवाला खुशालराव. हा माणूस गोड बोलायला लागला की समोरच्यानं खिसा चाचपून पाहावा.

बासष्टच्या पोळ्याआधी तो असाच गोड बोलत आला. "डोमाजी, बजारात पत्र्याच्या मोटारी आल्या. पोट्टे नंदीकडं पाहून नाही राहिले. कापायची मजुरी उतरव, नाही तं मले दुसरा मानूस पाहा लागते."

हे काम गेलं तर मालक मशीनवर आपला भाचा बसवणार, हे डोमाजीला ठाऊक होतं. त्याची बायको कौशल्या हेच नंदी घरी रंगवायची, म्हणजे तिचंही काम जाणार. तो "उतरवतो" म्हणून मोकळा झाला आणि मग कसं उतरवायचं याचा विचार करत बसला. आधी उडी, मग पाणी किती ते पाहणार, असा त्याचा स्वभाव.

आधी त्यानं सालईच्या चार फळ्या एकावर एक ठेवल्या. नंदीच्या आजूबाजूला जी टाकाऊ जागा उरते तिथं खिळे ठोकून गठ्ठा पक्का केला. एकदा आरा फिरवला की चार नंदी सुटायचे. खुशालरावाला तेही महागच वाटलं. फळी किती वाया जाते ते पाहा, म्हणाला.

मग कौशल्येनं डोकं लावलं. चोळीचं कापड बेतावं तसे तिनं कागदाचे नंदी फळीवर बेतले. एक सुलटा, एक उलटा, एकाची पाठ ती दुसऱ्याचं पोट. एकाच कापात दोघांचं काम व्हायचं. बाई हुशार होती यात वाद नाही. भाव बसला, खुशालराव खूश होऊन गेला.

पण आता फळीवर टाकाऊ जागाच उरली नव्हती. खिळा ठोकायचा तर नंदीच्या अंगातच ठोकावा लागणार, आणि भोक पडलेला नंदी पूजेला कोण घेणार? सुतळीनं बांधून पाहिलं, तर आरा आधी सुतळीच कापायचा.

"मंग गठ्ठा धरतं कसा?" कौशल्येनं विचारलं.

"हातानं दाबून धरतो. कावून भेतं?"

पोळा तोंडावर आला तेव्हा गठ्ठ्यातली खालची फळी सरकली आणि डावा हात पात्यावर गेला. दोन बोटं गेली. कौशल्या दवाखान्यात रडत एकच बोलत होती, माह्या बेतण्यानं झालं, माह्या बेतण्यानं. तिचं काय चुकलं होतं? मला तर आजही त्या खुशालरावाचाच राग येतो. तो भेटायला आला, हळहळला, आणि जाताना तयार माल आणि कौशल्येचे कागद दोन्ही घेऊन गेला. गरज सरो, वैद्य मरो.

पुढच्या वर्षी मशीनवर मालकाचा भाचा बसला. नंद्यांचं काम अमरावतीला सूर्यभान नावाच्या तरण्या कारागिराकडे गेल्याचं डोमाजीच्या कानावर आलं. तो एसटीनं तिथं गेला. सूर्यभान गठ्ठा हातानं दाबूनच कापत होता.

"बापू, खिळे ठोकत जा," डोमाजी म्हणाला.

सूर्यभाननं मशीन थांबवलं. "कुठं ठोकू? जागा दाखवा."

डोमाजीनं फळी पाहिली. सगळे नंदी कौशल्येनं बेतलेले, तिळाएवढीही जागा नव्हती.

"एखादा नंदी कमी काप. जागा होते."

"मंग भाव कसा बसन काका? खुशालराव म्हनते, अकोल्याच्या डोमाजीनं याच भावात काम करून देलं. त्याले तं परवडलं."

डोमाजीनं उपरण्यात गुंडाळलेला डावा हात बाहेर काढला आणि फळीवर ठेवला. सूर्यभान त्या हाताकडे पाहत राहिला. काय समजायचं ते त्याला समजलं होतं.

"सरका काका," तो हळूच म्हणाला. "पोळा आला." आणि त्यानं आरा सुरू केला.