अभ्यासिकेत बोलायचं नाही

फ्रेंच मंडळाला जागा नव्हती, म्हणून मुख्याध्यापकांनी ते माझ्या अभ्यासिकेत आणून बसवलं. मला न विचारता. "अकराच तर मुलं आहेत बाई," ते म्हणाले, "कोपऱ्यातल्या दोन टेबलांवर मावतील." मावतील हो! पण भाषा शिकायची म्हणजे तोंड चालवणं आलं, आणि माझ्या अभ्यासिकेत शेवटच्या तासाला तोंड चालवायला बंदी. तिथे नववी-दहावीची साठ मुलं गृहपाठ करतात. निदान करायला बसवलेली असतात. मी गणित शिकवते. दिवसभर घसा फोडून झाल्यावर त्या तासाला मला फक्त पंख्याचा आवाज ऐकायचा असतो. नऊ वर्षं मी ती शांतता डोळ्यांत तेल घालून राखली होती.

"खुशाल बसा," मी मंडळाला सांगितलं, "पण एक शब्द जरी ऐकू आला, तर गाशा गुंडाळायचा."

त्यांची सचिव दहावीतली एक हडकुळी मुलगी होती. मी तिला सचिवबाईच म्हणायचे. तिनं हळूच विचारलं, "बाई, लिहिलं तर चालेल?"

चालेल म्हटलं. लिहिण्याचा कुठे आवाज होतो?

मग त्यांच्या चिठ्ठ्या सुरू झाल्या. वहीची मागची पानं फाडून पट्ट्या करायच्या, एकानं फ्रेंचमध्ये प्रश्न लिहून सरकवायचा, दुसऱ्यानं खाली उत्तर लिहायचं. जेवलीस का, जेवले, तू जेवलास का. भांडणंसुद्धा चिठ्ठीवर. विनोद झाला की अकरा जणांचे खांदे हलायचे, आवाज शून्य. फ्रेंचचे सर मंगळवारी आणि शुक्रवारी यायचे आणि लाल पेनानं चिठ्ठ्या तपासायचे. माणूस भलता भिडस्त. मी नुसतं वर पाहिलं तरी त्यांच्या हातातून पेन गळायचं. वर्षभर असंच चाललं आणि मी टीचर्स रूममध्ये मिरवत होते, मंडळ असावं तर असं!

सचिवबाई मात्र हौस म्हणून मंडळात आलेली नव्हती. तिची आई नर्स आहे, चार वर्षांपासून परदेशात, जिथे फ्रेंच बोलतात तिथल्या एका हॉस्पिटलात. मुलगी इथे मावशीकडे. तिथली शाळा तिला घ्यायला तयार होती, पण भाषेची परीक्षा पास झाली तरच. पन्नास गुण लेखी, पन्नास तोंडी, दोन्हींत वेगवेगळं पास व्हायचं. पास झाली तर सुट्टीनंतर आईकडे. नापास झाली तर आणखी एक वर्ष मावशीकडे. हे सगळ्या शाळेला ठाऊक होतं, कारण मावशी आमच्याच ऑफिसात कारकून आहे आणि तिच्या पोटात काही राहत नाही.

लेखीत पोरीला अठ्ठेचाळीस पडले. मावशीनं ते शिपायापासून मुख्याध्यापकांपर्यंत प्रत्येकाला दोनदोनदा सांगितलं.

तोंडीला दोन आठवडे उरले, तेव्हा सर रोज यायला लागले. पहिल्याच दिवशी त्यांनी तिला सरावाला समोर बसवून फ्रेंचमध्ये नाव विचारलं. ती गप्प. परत विचारलं. तरी गप्प. मग तिनं पेन काढलं, कागदावर नाव, वय आणि आईचं काम असं तीन ओळींत सुरेख लिहिलं आणि कागद सरांकडे सरकवला.

सर पडेल चेहऱ्यानं माझ्याकडे आले. "बाई, तिला सगळं येतं हो. तोंडातून निघत नाही. वर्षभर कधी बोललीच नाही ना."

"मग? माझ्यावर खापर फोडताय का?"

"छे छे," म्हणाले आणि तिथेच उभे राहिले. या माणसाची हीच खोड वाईट. नुसतं उभं राहून आरोप करतो.

त्या संध्याकाळी माझं दूध दोनदा उतू गेलं. मुख्याध्यापकांवर चिडून झालं, सरांवर चिडून झालं, मावशीवरही झालं. मग माझ्याशिवाय कोणी उरलंच नाही.

दुसऱ्या दिवशी मी अभ्यासिकेत जाहीर केलं, "आजपासून फ्रेंच मंडळ बोलणार. मोठ्यानं."

सगळे माझ्याकडे पाहत राहिले. मंडळानं माना खाली घातल्या आणि पट्ट्या फाडायला घेतल्या. एरवी माझी पाठ वळली की बाजार भरवणारी कार्टी, पण आज बोला म्हटलं तर एकजात मूग गिळून बसलेली!

"अरे, बोलू नका म्हटलं ते ऐकलंत ना? मग बोला म्हणतेय तेही ऐका की!"

एक चिठ्ठी टेबलांवरून फिरू लागली. मी ती हिसकावून सरांच्या हातात दिली. सर चाचरत म्हणाले, "विचारलंय, बाईंना बरं नाही का?"

शेवटी मीच त्यांच्या टेबलाशी जाऊन बसले, एक चिठ्ठी उचलली आणि खणखणीत वाचली. मला फ्रेंचचा गंध नाही. होती नव्हती ती सगळी अक्षरं मी इमानदारीत उच्चारली. सरांनी कानांवर हात ठेवले. मागून कोणीतरी फिस्सकन हसलं आणि मग अख्खी अभ्यासिका खिदळली. त्या गोंधळात सचिवबाईनं माझा उच्चार दुरुस्त केला. एकच शब्द, पण तोंडानं! स्वतःचाच आवाज ऐकून लाल झाली आणि वहीमागे लपली.

पुढचे बारा दिवस आमच्याकडे नुसता कल्लोळ होता. मुख्याध्यापक दोनदा डोकावले. "बाई, हे काय चाललंय?" मी म्हटलं, "तुम्हीच आणून बसवलंत." सचिवबाई एका शब्दावरून चार शब्दांवर आली, पण पुढे सरकेना. एक चूक झाली की बोलणं बंद आणि हात पेनाकडे. मी डोकं धरून बसायचे.

परीक्षा कॉम्प्युटरच्या खोलीत होती. पडद्यावर पिकल्या केसांच्या एक बाई. टेबलावर कागद-पेन ठेवायला मनाई. सर आणि मी उघड्या दाराबाहेर उभे. पडद्यावरच्या बाईंनी काहीतरी विचारलं.

"विचारतायत, इथे का यायचंय," सर कुजबुजले.

पोरीनं तोंड उघडलं. मिटलं. बोटं टेबलावर पेन शोधू लागली. मग तिनं हात वर केला आणि मागे वळून माझ्याकडे पाहिलं.

सोळा वर्षांची मुलगी! आईकडे का जायचंय हे सांगायला तिला माझी परवानगी हवी होती. एवढी लाज मला आयुष्यात कधी वाटली नव्हती.

"बोल!" मी ओरडले. पडद्यावरच्या बाई दचकल्या. "बोल गं बाई! चुकलीस तरी बोल!"

ती बोलायला लागली. आधी अडखळत, मग भराभरा. मला कळत काहीच नव्हतं, फक्त "मामाँ, मामाँ" तेवढं ऐकू येत होतं, ते आईबद्दलच असणार. प्रत्येक चुकीला सर डोळे मिटून घेत होते. थोड्या वेळानं तेही त्यांनी सोडलं आणि नुसते ऐकत राहिले. शेवटी पलीकडच्या बाईंनाच हात वर करावा लागला. त्यांनी तो दोनदा केला.

"बास म्हणतायत," सर म्हणाले. "पास झालीस म्हणतायत!"

ती थांबेचना. चार वर्षांचं साठलं होतं पोरीकडे, आणि मी तिला वर्षभर गप्प बसवलं होतं.