चष्म्याचं वजन

वजनकाट्यावर चढताना मी चष्मासुद्धा काढून ठेवायची. हसा, खुशाल हसा. बांगड्या, कानातलं, मनगटावरचं घड्याळ, केसांतला चाप, सगळं उतरवून दादाच्या हातात द्यायचं, शेवटी चष्मा द्यायचा आणि मगच काट्यावर पाय ठेवायचा. चष्म्याचं वजन ते काय, तीस ग्रॅम असेल. पण मला सात किलो उतरवायचे होते आणि तीस ग्रॅम कुणाच्या बापाचे म्हणून मी वर वाहू?

अडचण एवढीच की चष्मा काढला की मला स्वतःचे पायसुद्धा धड दिसत नाहीत, काट्यावरचा आकडा कुठून दिसणार! लहानपणापासून जाड भिंगं. त्यामुळे आकडा दादानं वाचायचा. तो खुर्चीतून वाकायचा, थोडा वेळ घ्यायचा आणि म्हणायचा, "ऐंशी." मग वहीत लिहायचा. मी चष्मा घालायची तोवर खाली उतरलेली असायची.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ हिरामण. दोन वर्षांपूर्वी त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या. तेव्हापासून आठवड्यातून तीन सकाळी डायलिसिस. वहिनींना साखर, त्यामुळे त्यांची किडनी चालेना. मुलगी पायल, तिचा रक्तगट जुळेना. माझं सगळं जुळलं. मी जिंकल्यासारखी उड्या मारायच्या बेतात होते, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, "मॅडम, तुमचं वजन एक्क्याऐंशी. उंचीच्या मानानं फार आहे. चौऱ्याहत्तरच्या आत आलात तर ऑपरेशन. तीन महिन्यांनी परत बघू. नाहीतर यांचं नाव यादीत टाकून वाट बघावी लागेल, आणि किती वर्षं ते मी सांगू शकत नाही."

दादाकडे वर्षं नव्हती. हे डॉक्टरांना माहीत होतं, मला माहीत होतं आणि दादालाही.

मी सुवर्णा. वय बावन्न. नाशिक रोडला जेल रोडवरच्या एका शाळेत गणित शिकवते. पोरं माझ्या मागे मला काय म्हणतात तेही मला ठाऊक आहे, पण ते इथे सांगण्यासारखं नाही. सुरुवातीला मी सकाळी चालायला जायची. पण दर शंभर पावलांवर एक जुनी पालक भेटणार आणि "बाई, आमचा बंटी आता पुण्याला असतो" म्हणून अर्धा तास उभी करणार. असं चालून कुणाचं वजन उतरलंय का?

शेवटी पायलच म्हणाली, "आत्या, तू आणि पप्पा मनमाडला टेबल टेनिस खेळायचात ना?"

आमच्या कॉलनीच्या समाजमंदिराच्या हॉलमध्ये एक टेबल आहे. त्यावर बाराही महिने लग्नकार्याची पातेली आणि दुमडलेल्या सतरंज्या. पायलनं आणि मी ती पातेली उतरवली, टेबल पुसलं, नवीन नेट बांधलं. पहिला बॉल टेबलावर टाकला आणि तो टक् असा आवाज आला ना, शप्पथ सांगते, माझ्या अंगावर काटा आला. चाळीस वर्षांत मी तो आवाज विसरले नव्हते.

मनमाडला अण्णा, म्हणजे आमचे वडील, रेल्वेत पॉइंट्समन होते. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्ये टेबल होतं, पण संध्याकाळी तिथे मोठी माणसं खेळायची. मुलीला तर कोण उभं करतंय! म्हणून दादा मला रविवारी सकाळी सात वाजता न्यायचा. चौकीदार झुंबरकाका चावी द्यायचे आणि बाहेर विडी ओढत बसायचे. दादा तेरा वर्षांचा, मी नऊची. माझी बॅट म्हणजे नुसती लाकडी फळी, तिचं रबर कधीच निघून गेलेलं. शेजारून मालगाडी गेली की सगळा हॉल थरथरायचा, बॉल भलतीकडे उडायचा आणि दादा हात वर करून ओरडायचा, "लेट! परत टाक." लेट म्हणजे तो पॉइंट धरायचा नाही, पुन्हा खेळायचा. मला कितीतरी दिवस वाटायचं, गाडी लेट आहे म्हणून तो तसं ओरडतो. मनमाडच्या पोरीला दुसरं काय वाटणार?

तेव्हा गेम एकवीसचा असायचा. आता अकराचा करून ठेवलाय. पहिल्याच संध्याकाळी पायल अकरावर थांबली, तर दादा खुर्चीतून कडाडला, "अकरात काय होतंय? अजून घाम पण नाय आला तिला. एकवीस!" त्याला खेळायची परवानगी नव्हती. डाव्या हाताची शीर डायलिसिससाठी फुगवलेली, चार पायऱ्या चढला तरी धाप लागायची. पण तो रोज सहा वाजता यायचा, डायलिसिसच्या दिवशीसुद्धा. प्लास्टिकची खुर्ची नेटच्या बरोबर समोर ठेवायची, मांडीवर वही घ्यायची आणि स्कोअर सांगायचा. "सात-नऊ. सर्व्हिस सुवीची." त्या आवाजात आजारपण अजिबात नसायचं. मला वाटायचं आत्ता बाहेरून मालगाडी जाईल.

घड्याळ पायलनं दिलं होतं. खेळून किती कॅलरी जळल्या ते दाखवायचं. मी डावखुरी, घड्याळ डाव्या हातात बांधलेलं. दादा म्हणाला, "ते उजव्या हातात बांध. खेळणाऱ्या हातात बांधलं की ते फुशारक्या मारतं." बांधलं बाई. घड्याळ म्हणेल तो आकडा दादा वहीत उतरवायचा. दोनशे नव्वद, तीनशे चाळीस, एकदा चारशे दहा. त्या दिवशी पायलनं मला टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत नुसतं पळवलं होतं. तिच्या हातात दादाचाच कट आहे. मी म्हटलं, "अगं, आत्या आहे मी तुझी, दया कर!" तर म्हणते, "आत्या, दयेनं कॅलरी जळत नाहीत."

खाण्यावरही मी कुऱ्हाड चालवली. दोनाच्या जागी एक भाकरी, चहात साखर बंद, स्टाफरूममध्ये कुणाचाही वाढदिवस असो, पेढा कपाळाला लावून परत. आणि दर रविवारी सकाळी दादाच्या घरी काट्यावर.

"ऐंशी."

"साडेऐंशी."

"ऐंशीच आहे गं."

मी रडकुंडीला यायची. दादा म्हणायचा, "अगं, तुझी हाडंच जड आहेत. लहानपणापासून आहेत. नसेल होत तर सोड. बघू दुसरं काहीतरी." त्याच्या तोंडून "सोड" ऐकलं की माझं डोकंच फिरायचं. मी घरी येऊन अर्धी भाकरीसुद्धा कमी करायची. शाळेजवळची शिंपीणबाई म्हणाली, "बाई, ब्लाउज दोन बोटं आत घ्यावा लागेल." मी म्हटलं, कापडच ढिलं पडलंय मेलं. दादाच्या आकड्यापुढे मला माझ्या ब्लाउजचं खरं वाटेना.

तीन महिने संपत आले. सोमवारी डॉक्टरांकडे जायचं होतं. शनिवारी दुपारी मी दादाची वही घरी आणली आणि पेपर तपासायचे सोडून बेरीज करायला बसले. पंचाहत्तर दिवसांचा खेळ. कॅलरी झाल्या पंचवीस हजार पाचशे. आहारवाल्या मॅडमनी सांगितलं होतं, साधारण सात हजार सातशे कॅलरी म्हणजे एक किलो. म्हणजे खेळानं तीन किलो आणि वर. खाणं कमी केलं त्याचे साडेतीन पावणेचार. एकूण सात. वहीत शेवटचा रविवार लिहिलेला होता साडेएकोणऐंशी. म्हणजे दीड.

पुन्हा केली बेरीज. तिसऱ्यांदा केली. घड्याळ थोडंफार इकडेतिकडे करत असेल, मान्य. पण साडेपाच किलोंचा फरक? माझ्या वर्गातल्या पोरानं असं उत्तर आणलं असतं तर मी त्याला फळ्यापाशी उभा केला असता आणि विचारलं असतं, आकडा घेतला कुठून?

आकडा घेतला कुठून? दादाच्या तोंडून.

मी तशीच पेन हातात धरून बसून राहिले. कारण दादा चुकीचा आकडा सांगू शकतो, हे मला नव्यानं कळत नव्हतं. मनमाडला तो हेच करायचा. सतरा-बारा तो पुढे असला की मधेच सांगायचा "सोळा-चौदा." स्वतःचे पॉइंट गिळायचा आणि माझ्याकडे ढकलायचा. बावीस-वीसनं मी जिंकले की मला खांद्यावर घेऊन झुंबरकाकांकडे पळायचा, "काका, हरलो!" मला दहाव्या वर्षीच कळलं होतं. मी मनातल्या मनात मोजायची ना. पण कधी बोलले नाही. जिंकायला मला आवडायचं, आणि खांद्यावर बसायलाही.

रविवारी सकाळी मी वही घेऊन दादाकडे गेले. गॅलरीत काटा मांडलेला, दादा खुर्चीत, वहिनी आत पोळ्या लाटत होत्या. मी बांगड्या काढून त्याच्या हातात दिल्या. कानातलं दिलं. घड्याळ दिलं.

त्यानं हात पुढेच ठेवला. "चष्मा?"

"राहू दे आज," मी म्हटलं आणि काट्यावर चढले.

काटा थरथरला आणि त्र्याहत्तर आणि चौऱ्याहत्तरच्या मधे थांबला. चष्म्यासकट.

दादा गॅलरीच्या जाळीतून बाहेर बघत राहिला.

"वाच की," मी म्हटलं. "काय रे, वाच ना! तीन महिने काय वाचत होतास तू? तीन महिने मी भुकेनं कळवळतेय, पन्नाशीतली बाई त्या टेबलाभोवती माकडासारखी उड्या मारतेय, आणि तू माझे किलो गिळत बसलास? उद्या डॉक्टरांकडे जायची माझी हिंमत झाली नसती, दादा! मी जाणारच नव्हते उद्या, तोंड कुठलं दाखवू म्हणून! हेच पाहिजे होतं ना तुला?"

"हो," तो म्हणाला.

वहिनी पिठाच्या हातानं दारात येऊन उभ्या राहिल्या.

"हेच पाहिजे होतं," दादा म्हणाला. "मला वाटलं होतं तू दमशील, महिन्याभरात सोडशील. सोडलंच नाहीस. सुवे, तुला अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं, आठवतं का? तू सहावीत होतीस. अण्णांची ड्यूटी होती, मी बाहेर बाकावर बसलो होतो रात्रभर. तू आतून ओरडत होतीस. माझ्यासाठी तुला परत फाडायचं? आणि तुला काही झालं तर मी ती किडनी पोटात घेऊन जगायचं? नाय जमणार मला."

"तुला डायलिसिसच्या खुर्चीत संपताना बघायचं, ते मला जमणार?"

त्यानं माझ्या बांगड्या मांडीवर ठेवल्या. मग खाली बघत म्हणाला, "आणि खरं सांगू? सहा वाजले की बरं वाटायचं. तुझं वजन उतरलं की ते संपणार होतं."

मला एवढा राग आला होता, की त्याला हलवून सोडावं असं वाटत होतं. आणि त्याच वेळी त्याच्या खांद्यावर बसावं असंही. आता तो खांदा राहिलाय कुठे, शर्टाच्या आत नुसता हँगर.

"दादा, एक सांगू? मनमाडलासुद्धा तू स्कोअर खोटा सांगायचास."

त्यानं दचकून वर बघितलं. "तुला माहीत होतं?"

"सगळं माहीत होतं. दहाव्या वर्षापासून."

"मग बोलली का नाहीस?"

"जिंकत होते म्हणून. तू मला चाळीस वर्षं जिंकवलंस आणि मी चोरासारखी गप्प बसले. आज नाही बसणार. आज हरवायला निघालास ना मला?"

पदरानं तोंड झाकून वहिनी रडत होत्या.

मी काट्यावरून उतरले. डोळ्यांवरचा चष्मा काढला आणि त्याच्या हातात दिला. सगळं पुसट झालं, तो, वहिनी, गॅलरी, सगळं. अंदाजानं पाय टाकून मी परत काट्यावर चढले.

"मागचे बारा रविवार लेट," मी म्हटलं. "परत टाक. आणि खरं सांग, दादा. मला काही दिसत नाही."

मग खुर्ची करकरली, तो वाकला असावा.

"साडेत्र्याहत्तर," तो म्हणाला. आवाज फाटला त्याचा. खाकरून त्यानं पुन्हा सांगितलं, हॉलमध्ये सांगायचा तसं, मोठ्यानं. "साडेत्र्याहत्तर! सर्व्हिस सुवीची."

"वहीत लिही."

पेनाचा आवाज झाला. मग त्याची गार बोटं माझ्या कानांना लागली. त्यानं स्वतःच्या हातानं मला चष्मा घातला, एक काडी आधी, मग दुसरी, आणि तेव्हा कुठे मला दिसलं की दादा रडतोय.