आत्याबाई पायांपासून आल्या

माझं वजन दोन किलो उतरलं आणि आत्याबाईंचे पाय परत आले.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई. माझा पोरगा चौथीत होता तेव्हा त्या गेल्या. त्यांना पोचवून आल्यावर मी जी जेवायला बसले, ती यंदापर्यंत उठलेच नव्हते. पाय स्वयंपाकघरात फ्रिजशेजारी उभे होते. घोट्यापर्यंतच. भेगाळलेल्या टाचा, जोडव्यांनी वाकडी झालेली बोटं. माझ्या सुनेनं, सारिकानं, ते उचलून वजनकाट्यावर ठेवले. बरोबर दोन किलो.

"तरीच," सारिका म्हणाली. "म्हटलं, तुमचं एवढं गेलं कुठं."

मग पाय खाली ठेवून ती पाया पडली. पडायला काही अडचण नव्हती, पायच तेवढे होते.

मिरजेचा डॉक्टर म्हणाला होता, आजी, काळजाची झडप बदलावी लागेल, नाहीतर दिवाळी काही बघत नाही तुम्ही. पण आधी अकरा किलो कमी करा. मी म्हटलं, फुकट नाही आलं हे अंगावर, माझ्या पैशानं खाल्लंय. तो म्हणाला, जगायचंय ना? मी हो म्हटलं. एकदा हो म्हटलं की मी फिरत नाही, गावाला माहीत आहे.

या घरात माझ्याशिवाय कुणी वाढत नव्हतं. आता सारिका वाढायची आणि मी पाहुणीसारखी ताटापुढं बसायची. अर्धी भाकरी, तीही छोट्या काट्यावर मोजून. बिनतेलाचा दुधी. दुधी ही काही भाजी नाही, ती नुसती शिक्षा आहे.

पोटऱ्या आल्या, गुडघे आले. आत्याबाई कमरेपर्यंत झाल्या आणि माझ्या मागून चालायला लागल्या. जेवढं माझं अंग जाई तेवढं स्वयंपाकघर आत येई. आधी ओटा खाली बसला. मग फरशा गेल्या आणि भिंतींना आत्याबाईंच्या वेळची काजळी धरली. खिडकी वीतभर झाली. सारिका वाकून भाकऱ्या थापायला लागली. कुरकुर नाही. एकदाच म्हणाली, "आई, मिक्सर आता कुठं ठेवू?"

मग हात आले. एक एक बोट करून आले, आधी अंगठे.

अंगठे आले त्याच दुपारी त्या हातांनी माझ्या ताटातली अर्धी भाकरी उचलली आणि तिची आणखी अर्धी केली. मधोमध अंगठा रोवून, कड न फाटू देता. तशी भाकरी मोडणारी बाई मी जन्मात एकच बघितली. नवी नवरी होते तेव्हा भाकरीकडं कमी आणि त्या अंगठ्याकडं जास्त बघायची मी. अंगठा कुठं बसतोय त्यावर माझा दिवस ठरायचा. एकदा आणखी मागितली, तर कोठीच्या खोलीत घालून बाहेरून कडी लावली. आत ज्वारीची पोती होती. कच्ची ज्वारी चावून बघितलीय मी.

"बरंच झालं," सारिका म्हणाली. "आज काट्यावर जरा जास्तच भरली होती."

डाव्या हाताची करंगळी सगळ्यात शेवटी आली. त्या दिवशी मी पिठाच्या डब्यात लपवलेला शेंगदाण्याचा लाडू खाल्ला. घशाखाली गेला तशी समोरची करंगळी विरघळली, खडीसाखरेसारखी. तेव्हा मला कळलं. जे शेवटी येतं ते आधी जातं. भरपूर खाल्लं तर आत्याबाई टाचांपर्यंत परत जातील.

सारिकानं तो चार बोटांचा हात बघितला.

"लाडू खाल्लात."

"खाल्ला. माझ्या घरातला खाल्ला."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"डॉक्टरला काय कळतंय? त्याला सासू कुठाय?"

ती हसली नाही. "मला आई नाही, तुम्हाला माहीत आहे. तुम्ही गेलात तर मी भांडू कुणाशी?"

"आणि ह्या पुऱ्या झाल्या आणि मला कोंडलं, तर?"

"कडी मी काढीन."

"तुझ्या हातात नाही तेवढा जोर."

तरी मी चार घास आणखी कमी केले. शब्द दिला होता. पोट आलं, छाती आली, मान आली. दहा किलोत आत्याबाई पुऱ्या झाल्या. सुकी बाई, दहात भागलं. फ्रिज होता तिथं आता कोठीचं बुटकं दार होतं. त्याला पाठ लावून त्या बसल्या, मांडी घालून, पदर पुढं ओढून. तोंड आलं तसं त्या म्हणाल्या, "अर्धी पुरे." एवढंच. जेवायला बसलं की एवढंच.

माझ्या पाटल्या कोपरापर्यंत सरकायला लागल्या. स्वयंपाकघर एवढं आलं की आम्ही तिघी बसलो की गुडघ्याला गुडघे लागत.

अकरावा किलो उतरला त्या सकाळी सारिकानं मिरजेला फोन केला. पुढच्या सोमवारची तारीख मिळाली. मी म्हटलं, आता माझं मी बघते. गरम भाकऱ्या कुस्करल्या, त्यात गूळ, वरून तूप, आणि परातभर मलिदा करून ताटात घेतला. म्हटलं, आज ह्यांना टाचांपर्यंत पोचवते, मग ऑपरेशन होवो नाहीतर न होवो. सारिका अडवायला आली नाही. आता थोडं खायला तिचीही ना नव्हती.

मी पहिला घास उचलला.

"खा," आत्याबाई म्हणाल्या.

असं त्या कधी बोलल्या नव्हत्या. मी वर बघितलं. त्यांनी पदर बाजूला केला. अकरावा किलो त्यांच्यात मावला नव्हता. तो त्यांच्या मांडीवर होता. दोन पावलं, दोन गुडघे, बेंबीपर्यंतचं एक तान्हं. वर काही नव्हतं. पाय झाडत होतं.

माझी पहिली मुलगी. मला अर्धीच मिळायची, दूध आलं नाही. बारशाआधी गेली, म्हणून तिला नाव नाही.

"खा गं," आत्याबाई म्हणाल्या, गोड आवाजात. "पोटभर खा."

घास माझ्या ओठाजवळ होता. तुपाचा वास येत होता. एक पाऊल माझ्या गुडघ्याला लागलं. पाऊल ऊन होतं.

शेवटी आलेलंच आधी जाणार होतं. मी घास ताटात ठेवला.

"आई," सारिका म्हणाली, "ह्या वजनाच्या खाली गेलात तर डॉक्टर हात लावणार नाही. अंगात काही राहिलं पाहिजे."

"ताट उचल."

"आई, एक घास."

"उचल म्हटलं ना."

सारिका रडत होती, पण तिनं उचललं. आत्याबाईंनी दोन्ही हात मांडीवरून काढून घेतले. मी माझी मांडी पुढं सरकवली आणि तिची वाट बघत बसले.

तिच्या बेंबीच्या वर पोट यायला लागलं. खपाटीला गेलेलं.